डीव्हीडी बनवायचं जुनं सॉफ्टवेअर बंद झालं? मेन्यूसकट डिस्क आजही अशी बांधता येते

लग्नाचं शूटिंग, शाळेचं गॅदरिंग, एकांकिकेचा प्रयोग किंवा जुन्या कॅसेटींवरून उतरवलेलं घरचं फुटेज साध्या डीव्हीडी प्लेअरवर मेन्यूसकट चालेल असं द्यायचं असेल, तर कोरी डिस्क मिळते आणि यूएसबीचा रायटरही मिळतो. अडचण येते ती फायलींची डीव्हीडी बांधणाऱ्या सॉफ्टवेअरची. ज्यांच्यावर लोकांचा हात बसला होता, ते प्रोग्राम एकेक करून गेले.

अ‍ॅडोबी एन्कोरची शेवटची आवृत्ती सीएस ६, म्हणजे २०१२ ची. पुढच्या वर्षी क्रिएटिव्ह क्लाउडची नवी मालिका आली तेव्हा तिच्यात एन्कोरची नवी आवृत्ती नव्हती. अ‍ॅपलचं डीव्हीडी स्टुडिओ प्रो २०११ मध्ये फायनल कट प्रो एक्स येताच बंद झालं. त्याच वर्षी लायन या मॅकच्या आवृत्तीपासून नव्या मॅकवर आयडीव्हीडी देणंही थांबलं. आयडीव्हीडी ३२ बिटचं आहे, त्यामुळे २०१९ च्या कॅटालिना आणि त्यानंतरच्या कोणत्याही मॅकओएसवर ते उघडतच नाही. विंडोज डीव्हीडी मेकर व्हिस्टा आणि विंडोज ७ पुरतं होतं, विंडोज ८ मध्ये काढून टाकलं. फुकट मिळणारं डीव्हीडी फ्लिक २००९ पासून जागच्या जागी आहे.

यांच्या जागी अगदी तसंच दुसरं एक सॉफ्टवेअर शोधायला गेलं की निराशाच होते. शोध कामानुसार घ्यावा. हे प्रोग्राम एकाच खिडकीत चार वेगवेगळी कामं करत होते: व्हिडिओ एमपेग-२ या डीव्हीडीच्या स्वरूपात बदलणं (एन्कोडिंग), त्याला मेन्यू आणि चॅप्टर जोडून डीव्हीडीची रचना बांधणं, त्याची एक आयएसओ फाइल (सगळ्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रतिमा) करणं आणि ती डिस्कवर राइट करणं. चारही कामं सुटी केली की प्रत्येकासाठी भरवशाचं साधन आजही आहे. कुठे बिघडलं तेही लगेच कळतं, जे त्या एका खिडकीत कधी कळत नसे.

कोणाच्या जागी काय घ्यावं

बहुतेकांसाठी उत्तर डीव्हीडीस्टायलर. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, मेन्यू स्वतः रचता येतो आणि त्यात तयार झालेल्या डिस्कवर कोणाचा शिक्का उमटत नाही. एन्कोरइतकं ते नाजूक काम करत नाही, पण दोन-तीन पानांचा मेन्यू, चॅप्टरची यादी, मागे संगीत आणि 'सगळं सलग चालवा' असं बटण यासाठी पुरेसं आहे. सविस्तर पायऱ्या पुढे त्याच्याच दिल्या आहेत.

रोजचा धंदा डीव्हीडीचा असेल आणि पैसे मोजायची तयारी असेल, तर पेगासिस या जपानी कंपनीचं टीएमपीजीइंक ऑथरिंग वर्क्स पाहावं. त्याचं एमपेग-२ एन्कोडिंग चांगलं आहे आणि तयार एमपेग फाइल पुन्हा एन्कोड न करता कापता येते. मॅकवर फायनल कट प्रो किंवा कॉम्प्रेसर आधीच असेल, तर त्यांतून साध्या मेन्यूची डीव्हीडी निघते, मात्र साचे मोजकेच आहेत. लिनक्सवर डिव्हीड एनजी सोपं आहे, पण त्याचा मेन्यू म्हणजे निव्वळ नावांची यादी.

एकाच साच्याच्या पन्नास डिस्क काढायच्या असतील, तर कमांडवर चालणारं डीव्हीडीऑथर शिकून घ्यावं. डीव्हीडीस्टायलर आणि डिव्हीड एनजी आतून त्यालाच कामाला लावतात. ०.७ आवृत्तीपासून त्याला 'पाल' की 'एनटीएससी' (टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती) हे स्पष्ट सांगावं लागतं. एक्सएमएल फाइलमध्ये किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ते दिलं नाही, तर सगळं बरोबर असूनही काम अर्ध्यावर थांबतं. जुन्या माहितीवरून शिकणारे नेमके इथेच अडतात.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्यावी. एमपी४ फाइल कोऱ्या डिस्कवर कॉपी केली की ती डेटा डिस्क होते, डीव्हीडी-व्हिडिओ होत नाही. संगणकावर ती चालेल, काही प्लेअरवरही चालेल, पण साधा प्लेअर 'नो डिस्क' म्हणेल. ज्यांच्याकडे डिस्क जाणार आहे ते ती टीव्हीला पेन ड्राइव्ह लावूनच पाहणार असतील, तर त्यांना एमपी४ द्या आणि पुढचं सगळं सोडून द्या. प्लेअरच वापरणार असतील तर पुढे वाचा.

आधी फायली तपासा, मग प्रोग्राम उघडा

मीडियाइन्फो हा छोटा फुकट प्रोग्राम घ्या आणि प्रत्येक फाइल त्यात टाकून तीन गोष्टी बघा: फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) किती, तो स्थिर आहे की बदलता, आणि चित्र प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक फ्रेम अखंड) आहे की इंटरलेस (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांत, म्हणजे फील्डांत). डिस्क बिघडण्याची निम्मी कारणं इथेच सापडतात.

भारतात डीव्हीडीची पद्धत पाल: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. कॅमेऱ्यावर २५ किंवा ५० फ्रेमवर शूट केलेलं फुटेज यात नीट बसतं. मोबाइलचं फुटेज मात्र बहुधा ३० फ्रेमचं असतं. त्याची पाल डिस्क केली की दर सेकंदाला ५ फ्रेम गळतात आणि कॅमेरा बाजूला फिरताना चित्र धक्के खात सरकतं. सगळं फुटेज मोबाइलचंच असेल तर डिस्क एनटीएससी करा: ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती चालवतात. ज्या प्लेअरवर डिस्क लागणार आहे त्यावर एकदा पाहून घेतलं की झालं. एका डिस्कवर दोन्ही पद्धती मिसळू नका.

मोबाइलची दुसरी खोड म्हणजे बदलता फ्रेम रेट. उजेड कमी झाला की फोन सेकंदाला कमी फ्रेम टिपतो. अशी फाइल थेट डीव्हीडीस्टायलरला दिली, तर सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले असतात आणि अर्ध्या तासाने आवाज मागे-पुढे जातो. उपाय असा: फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्राममधून काढा. व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट २९.९७ (पाल करत असाल तर २५) निवडा, 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' वर खूण करा आणि क्वालिटीचा आकडा १६ च्या आसपास ठेवा. फाइल मोठी होईल, होऊ द्या. ही मधली फाइल आहे, नंतर पुसायची आहे. फोनवर एचडीआर चालू ठेवून घेतलेलं शूटिंग असेल, तर ते आधी एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये साध्या रंगपट्ट्यात आणा, नाहीतर डिस्कवर चेहरे राखाडी दिसतात.

इंटरलेस फुटेजमध्ये फील्डचा क्रम सांभाळायचा. मिनीडीव्ही कॅसेटवरचं पाल फुटेज खालच्या फील्डपासून सुरू होतं, एचडीव्ही आणि एव्हीसीएचडी या एचडी कॅमेऱ्यांच्या प्रकारांतलं वरच्या फील्डपासून. क्रम उलटा पडला तर स्थिर चित्र चांगलं दिसतं, पण माणूस चालू लागला की कडा थरथरतात. संगणकाच्या पडद्यावर हे सहसा लक्षात येत नाही, टीव्हीवर लगेच दिसतं. जे मीडियाइन्फोने सांगितलं तेच एन्कोड करताना निवडा.

जागा आणि नावं यांचंही आधीच पाहावं. मधल्या एमपेग फायली, बांधलेलं फोल्डर आणि आयएसओ मिळून एकाच डिस्कचा मजकूर तीन वेळा लिहिला जातो, म्हणून १५ जीबी मोकळी हवी. ती जागा एफएटी३२ ड्राइव्हवर नको, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही आणि भरलेल्या डीव्हीडीची आयएसओ त्याहून मोठी असते. फोल्डरची आणि फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता द्या. नाव मराठीत असलं की आतली जुनी साधनं फाइल सापडत नाही म्हणून थांबतात, आणि चूक कुठे आहे ते दिसत नाही.

एका डिस्कवर किती मिनिटं

कोऱ्या डिस्कवर छापलेले ४.७ जीबी म्हणजे ४.७ अब्ज बाइट. विंडोज तेच ४.३८ जीबी असं दाखवतं. ४.७ अब्ज बाइटचे ३७.६ अब्ज बिट होतात. त्यातले मेन्यू आणि रचनेसाठी थोडे बाजूला ठेवले की ३६ अब्ज उरतात. यावरून एक सोपं गणित निघतं: ६ लाखांना एकूण मिनिटांनी भागा. येणारा आकडा म्हणजे चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला किती किलोबिट. त्यातून आवाजाचे १९२ वजा केले की व्हिडिओचा बिटरेट मिळतो.

९० मिनिटांना ६ लाख भागिले ९०, म्हणजे ६,६६७. आवाज वजा जाता सुमारे ६,४७५ उरतात. चित्र उत्तम. १२० मिनिटांना ४,८०० मिळतात. लग्नाच्या शूटिंगला चालतात, पण अक्षता, फुलं, नाचणारी गर्दी अशा ठिकाणी चौकोन दिसू लागतात. १५० मिनिटांना ३,८०० आणि ३ तासांना जेमतेम ३,१४०. तीन तास एका डिस्कवर बसवायचेच असतील तर चित्र ३५२ बाय ५७६ करा. डीव्हीडीच्या नियमांत हा आकार बसतो. कमी बिटरेटला पूर्ण आकाराच्या चौकोनांपेक्षा हे किंचित मऊ चित्र डोळ्यांना बरं वाटतं. आमचा सल्ला मात्र एकच: दोन तासांच्या पुढे गेलात की दोन डिस्क करा. मंगळाष्टकांपर्यंत एक, पुढची दुसरी.

कार्यक्रम तासाभराचा असेल तर गणितात १०,००० येतील, पण तेवढे देऊ नका. नियमाने व्हिडिओची मर्यादा ९,८०० आणि सगळं मिळून १०,०८० आहे. घरी राइट केलेली डिस्क एवढ्या वेगाने वाचताना जुने प्लेअर अडखळतात. ८,००० वर थांबा.

दोन थरांची ८.५ जीबीची डिस्कही मिळते. ती महाग पडते, जुन्या प्लेअरवर रुसते आणि थर बदलताना चित्र क्षणभर थबकतं. दोन साध्या डिस्क देणं बरं.

डीव्हीडीस्टायलरमध्ये बांधणी

इन्स्टॉल करताना प्रत्येक पडदा वाचा आणि सोबत दुसरं काही देऊ केलं तर नाकारा. प्रोग्राम उघडला की नव्या प्रोजेक्टची खिडकी येते. तिथे भरायचं ते असं:

१. डिस्कचं लेबल इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता. डिस्क संगणकात घातली की हेच नाव दिसतं.

२. डिस्क कपॅसिटी ४.७ जीबी.

३. व्हिडिओ बिटरेट 'ऑटो' ठेवला तर प्रोग्राम स्वतः गणित करतो. कार्यक्रम तासाभराचा असेल तर वर सांगितलेले ८,००० हाताने द्या.

४. व्हिडिओ फॉरमॅट पाल किंवा एनटीएससी, जे आधी ठरलं ते.

५. अ‍ॅस्पेक्ट रेशो रुंद फुटेजला १६:९, जुन्या कॅसेटींना ४:३. इथे चूक झाली की चेहरे लांबट किंवा बसके दिसतात.

६. ऑडिओ फॉरमॅट एसी-३, ४८ किलोहर्ट्झ, बिटरेट १९२. एमपी२ पालच्या डिस्कवर चालतो, पण एनटीएससी करत असाल तर एसी-३ च घ्या.

पुढे मेन्यूचा साचा विचारला जातो. पार्श्वभूमी स्वतःची टाकणार असाल तर 'नो टेम्प्लेट' निवडा.

आता व्हिडिओ फायली खालच्या पट्टीवर ओढून आणा. प्रत्येक फाइलचं वेगळं टायटल, म्हणजे डिस्कवरचा स्वतंत्र भाग, होतं. हळद, लग्न आणि स्वागत समारंभ सलग चालायला हवेत पण मेन्यूतून वेगवेगळेही उघडायला हवेत, तर पहिली फाइल टायटल म्हणून टाका आणि पुढच्या त्याच टायटलमधली चॅप्टर म्हणून जोडा. जोडण्याच्या मेन्यूत तसा पर्याय आहे. तिन्ही फायलींचा आकार आणि आवाजाची जात सारखी ठेवा.

टायटलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. चॅप्टरची वेळ तिथे लिहायची. दर ५ मिनिटांनी आपोआप चॅप्टर पाडण्यापेक्षा प्रसंग पाहून वेळ लिहिणं चांगलं. रिमोटचं बटण दाबल्यावर माणूस थेट सप्तपदीवर पोचला पाहिजे. लिहिलेली वेळ आणि प्रत्यक्ष उडी यांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडू शकतो, कारण चॅप्टर फक्त पूर्ण साठवलेल्या फ्रेमवरच सुरू होतो आणि पालमध्ये अशी फ्रेम साधारण १५ फ्रेमांनी एकदा येते. म्हणून वेळ प्रसंगाच्या किंचित आधीची द्या. टायटलच्या 'पोस्ट कमांड' मध्ये मेन्यूकडे परत नेणारी आज्ञा ठेवा. ती रिकामी राहिली तर कार्यक्रम संपल्यावर काही प्लेअर काळ्या पडद्यावर थांबून राहतात.

तुमच्याकडे आधीच नियमात बसणारी एमपेग-२ फाइल असेल, तर टायटलच्या व्हिडिओ प्रॉपर्टीजमध्ये फॉरमॅट 'कॉपी' निवडा. पुन्हा एन्कोडिंग होणार नाही, दर्जा घटणार नाही आणि तासांचं काम मिनिटांत होईल. लांब कार्यक्रमाला दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग हवं असेल तेव्हा हाच रस्ता घ्या: एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या साधनात आधी फाइल बनवा, मग ती 'कॉपी' म्हणून इथे जोडा. एफएफएमपेगला 'टार्गेट' म्हणून 'पाल-डीव्हीडी' सांगितलं की आकार, फ्रेम आणि १५ फ्रेमांचा गट तो स्वतः लावतो. त्याचा ठरलेला व्हिडिओ बिटरेट ६,००० आहे आणि आवाजाचा ४४८, म्हणून दोन तासांच्या कार्यक्रमाला हे दोन्ही आकडे कमी करून द्या, नाहीतर फाइल डिस्कमध्ये मावणार नाही.

मेन्यू आणि मराठी अक्षरं

मेन्यूवरचा मराठी मजकूर डीव्हीडीस्टायलरमध्ये टाइप करू नका. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं प्रत्येक संगणकावर जागेवर बसतीलच याची खात्री नसते, आणि 'श्री' मोडलेली पत्रिका कोणी छापत नाही तसाच मोडलेला मेन्यूही देऊ नये. सगळा मजकूर चित्रातच घ्या.

गिंप किंवा इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये १६:९ साठी १०२४ बाय ५७६ पिक्सेलचं पान घ्या. पार्श्वभूमी, नावं, तारीख आणि बटणांचे शब्द तिथेच लिहा. अक्षरं उजव्या-डाव्या कडेपासून १०० आणि वर-खाली ६० पिक्सेल आत असू द्या, कारण जुने टीव्ही कडा खातात. बारीक आडव्या रेषा आणि नाजूक शिरोरेखा टाळा. एका पिक्सेलची शिरोरेखा जुन्या टीव्हीवर लुकलुकते, तीन पिक्सेलची स्थिर राहते. जाड फॉन्ट आणि गडद पार्श्वभूमीवर फिकट अक्षर उत्तम. चित्र पीएनजी म्हणून काढा आणि डीव्हीडीस्टायलरमध्ये मेन्यूची पार्श्वभूमी म्हणून लावा.

त्यावर बटणं म्हणून नुसत्या चौकटी ठेवायच्या, आत मजकूर नको. चित्रातल्या प्रत्येक शब्दावर एक चौकट बसवा आणि डबल क्लिक करून ती कुठे जाणार ते निवडा. चौकटी एकमेकींवर येऊ देऊ नका. रिमोटच्या बाणांना कोणतं बटण आधी हे कळत नाही आणि काही वेळा बांधणीच थांबते. बटण निवडल्यावर चमकणारा रंग हा मूळ चित्राचा भाग नसतो. तो वरून टाकलेला एक वेगळा थर असतो आणि पारदर्शक धरून त्यात एकावेळी चारच रंग मावतात. म्हणून त्या थरात सावल्या, रंगछटा किंवा फोटो चालत नाहीत. एकाच ठसठशीत रंगाची चौकट किंवा अधोरेखा पुरते. बांधताना 'बटण मास्क निवडता येत नाही' अशा अर्थाची चूक दिसली, तर कारण बहुधा हेच: रंग जास्त झालेत किंवा बटणं एकमेकांना भिडलीत.

एन्कोरमधले जुने मेन्यू ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते टाकून देऊ नयेत. ते मुळात फोटोशॉपच्या फायली आहेत. गिंपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्ये त्या उघडतात. थरांची नावं पाहा: कंसात अधिकचं चिन्ह असलेले गट म्हणजे बटणं, कंसात बरोबरचं चिन्ह आणि १, २, ३ असे आकडे असलेले थर म्हणजे चमकणारे रंग, कंसात टक्क्याचं चिन्ह म्हणजे व्हिडिओचा छोटा तुकडा दिसायची जागा. बरोबरच्या चिन्हाचे थर लपवा, उरलेलं चित्र सपाट करून पीएनजी काढा आणि बटणांच्या जागी डीव्हीडीस्टायलरमध्ये चौकटी ठेवा. वर्षानुवर्षांचे साचे असे तासाभरात नव्या घरी येतात.

मराठी सबटायटलचीही गत मेन्यूसारखीच. टेक्स्ट फाइल दिली की आतलं साधन अक्षरं सुटी सुटी मांडतं आणि जोडाक्षरं फुटतात. सबटायटल चालू-बंद करायची गरज नसेल, तर हँडब्रेकमध्ये एसआरटी फाइल (सबटायटलची टेक्स्ट फाइल) घेऊन 'बर्न इन' वर खूण करा. अक्षरं चित्रातच उमटतील, तीही नीट जुळलेली. चालू-बंद हवंच असेल तर सबटायटल एडिट या प्रोग्रामातून ती चित्रांच्या रूपात काढावी लागतात आणि तीच बांधणीत घ्यावी लागतात. वेळ लागतो, पण अक्षरं बिनचूक येतात.

थेट डिस्क मारू नका, आधी आयएसओ करा

डीव्हीडीस्टायलरमध्ये 'बर्न' दाबलं की तो विचारतो: फक्त फोल्डर बनवू, आयएसओ इमेज करू की डिस्कच राइट करू? दरवेळी आयएसओ निवडा. तात्पुरत्या फायलींचं फोल्डर मघाच्या १५ जीबी मोकळ्या ड्राइव्हवर द्या. दोन तासांच्या कार्यक्रमाला संगणकानुसार अर्ध्या तासापासून काही तास लागतात.

तयार आयएसओ व्हीएलसीमध्ये उघडून शेवटपर्यंत तपासा: मेन्यूतलं प्रत्येक बटण, प्रत्येक चॅप्टर, शेवटच्या पाच मिनिटांतला आवाज, संपल्यावर मेन्यू येतो का. व्हीएलसी मनाने मोठा आहे, जे प्लेअरला चालत नाही तेही तो चालवतो. म्हणून पहिली प्रत पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर काढून खऱ्या प्लेअरवर पाहा. ती पास झाली की मगच कोऱ्या डिस्क उघडा.

राइट करायला विंडोजवर इमजबर्न. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे, तरी या कामासाठी आजही तिच्यावर विसंबता येतं. 'राइट इमेज फाइल टू डिस्क' निवडा, आयएसओ द्या, 'व्हेरिफाय' वरची खूण काढू नका. वेग १६ एक्सच्या डिस्कला ८ एक्स. सर्वात कमी वेग म्हणजे सर्वात चांगली डिस्क असं नाही. आजच्या डिस्क मधल्या वेगाला नीट जळतात. लिनक्सवर के३बी हेच काम करतं. मॅकवर फाइंडरमध्ये आयएसओ निवडून डिस्क इमेज बर्न करण्याची आज्ञा द्या. बांधलेलं व्हिडिओ_टीएस फोल्डर नुसतं ओढून डेटा डिस्क करू नका, प्लेअरला हवी ती फायलींची मांडणी त्यात मिळत नाही.

डिस्क घेताना डीव्हीडी-आर घ्या, जुन्या प्लेअरवर ती जास्त निमूट चालते. डीव्हीडी+आरच मिळाली तर इमजबर्नमध्ये बुक टाइप (डिस्कवर नोंदवलेली तिची जात) 'डीव्हीडी-रॉम' करून पाहा, रायटरने साथ दिली तर प्लेअर ती बाजारातल्या छापील डिस्कसारखी वाचतो. ग्रेटर नोएडाच्या मोझर बेअरच्या डिस्क एकेकाळी प्रत्येक स्टुडिओत असत. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली, तेव्हा त्या नावाचा जुना साठा स्वस्तात मिळाला तरी महत्त्वाच्या कामाला वापरू नका. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, ते फिरताना डिस्क डोलते आणि काही वर्षांत रसायन डिस्कला खातं. पाण्याच्या शाईचं मार्कर वापरा.

कुठे काय बिघडतं

राइट करताना मध्येच चूक येत असेल तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी तार पाहा. बारीक यूएसबी रायटर लॅपटॉपच्या एका पोर्टमधून ५०० मिलीअँपियरवर लेझर अनेकदा पूर्ण ताकदीने चालवू शकत नाही. दुतोंडी तार दोन पोर्टांना लावा किंवा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब घ्या.

संगणकावर चालते पण प्लेअरवर 'राँग डिस्क' येतं, तेव्हा पाल-एनटीएससी किंवा रीजन (डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचा आकडा) तपासा. भारताचा रीजन ५ आहे, पण घरच्या डिस्कला सगळे रीजन खुले ठेवा, म्हणजे परदेशातल्या नातेवाइकांकडेही ती अडणार नाही. अमेरिकेला पाठवायची प्रत मात्र एनटीएससीच करा, तिथल्या अनेक प्लेअरना पाल कळत नाही.

चित्र ठरावीक जागी अडखळतं आणि पुढे सरळ जातं, याचा अर्थ तिथे बिटरेट उसळला आहे. कमाल बिटरेट ८,००० वर बांधून तेवढं टायटल पुन्हा एन्कोड करा. दुसऱ्या प्रतीवर अडखळण्याची जागा बदलली तर दोष डिस्कचा.

जुन्या प्रोजेक्टमधून काय वाचतं

एन्कोर, आयडीव्हीडी किंवा डीव्हीडी स्टुडिओ प्रोची प्रोजेक्ट फाइल दुसरं कोणतंही सॉफ्टवेअर उघडत नाही. जुना संगणक चालू असेल तोवर त्यावरच प्रोजेक्ट उघडून आयएसओ किंवा डिस्क इमेज काढून ठेवा. आयडीव्हीडीसाठी मोहावे किंवा त्याआधीचा मॅकओएस लागेल. तो मॅक अपग्रेड करू नका.

संगणकच गेला असेल आणि हातात फक्त तयार डिस्क असेल, तरी बरंच परत मिळतं. स्वतःच्या डिस्कवर कुलूप नसतं. मेकएमकेव्हीने टायटल एमकेव्ही फाइल म्हणून काढा, आतलं एमपेग-२ चित्र जसंच्या तसं राहतं. तीच फाइल डीव्हीडीस्टायलरमध्ये 'कॉपी' म्हणून जोडली की दर्जा न घटता नवा मेन्यू लावता येतो. फक्त एखादं बटण चुकीच्या जागी जात असेल तर पीजीसीएडिट हे विंडोजवरचं साधन बांधलेल्या फोल्डरमधल्या आज्ञाच बदलतं, पुन्हा काही एन्कोड करावं लागत नाही.

प्रत्येक कामाची आयएसओ, मेन्यूची मूळ गिंप फाइल, वापरलेले फॉन्ट, डीव्हीडीस्टायलरची प्रोजेक्ट फाइल आणि मिक्सिंगनंतरची पूर्ण दर्जाची व्हिडिओ फाइल एकाच फोल्डरमध्ये दोन हार्ड डिस्कवर ठेवा. प्रोजेक्ट फाइलच्या आत व्हिडिओ नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. फोल्डर हलवलं की पत्ता तुटतो, म्हणून व्हिडिओ आधीपासूनच त्या फोल्डरमध्ये आणून मगच प्रोजेक्ट सुरू करा.